पेशी कमी झाल्या, पण कोणत्या?

श्रावण-भाद्रपदात शिरपूर जैनच्या बसस्टँडवर दोन ओळखीची माणसं भेटली, की सोयाबीनची चौकशी झाल्यावर तापाचा विषय निघतोच. कोणाची पोरगी वाशीमला ॲडमिट असते, कोणाच्या भावाला अकोल्याला नेलेलं असतं. "काऊन नेलं?" "पेशी कमी झाल्या." ऐकणारा मान डोलावतो. त्याला सगळं कळलेलं असतं: डेंग्यू, सलाइन, पपईच्या पानांचा रस आणि रोज सकाळी रक्त.

वऱ्हाडात, आणि खरं तर सगळ्या महाराष्ट्रात, 'पेशी' या शब्दाचा अर्थ गेल्या काही वर्षांत आक्रसून प्लेटलेट एवढाच उरला आहे. लाल पेशींना आपण हिमोग्लोबिन म्हणतो. पांढऱ्या पेशींना मात्र काहीच म्हणत नाही. सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर त्यांची ओळ प्लेटलेटच्या बरीच वर छापलेली असते, 'टोटल काउंट' किंवा 'टीएलसी' या नावाने, आणि घरचे लोक ती ओलांडून थेट खाली बघतात.

हा लेख त्या ओलांडलेल्या ओळीबद्दल आहे. विषाणूच्या तापातही ती ओळ थोडी खाली येते आणि ताप गेला की बहुधा आपोआप वर चढते. त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. पण कधी कधी ती दुसऱ्याच कारणाने कोसळते. ते कारण म्हणजे थायरॉइडसाठी, सांधेदुखीसाठी, त्वचेसाठी किंवा मनाच्या आजारासाठी रोज घेतली जाणारी एखादी गोळी. असं फार थोड्यांना होतं. ज्याला होतं, त्याच्या हातात मात्र दिवस नसतात, तास असतात.

पांढऱ्या पेशींचा निरोगी आकडा एका मायक्रोलीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० असतो. त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतात. घशातले, आतड्यातले, त्वचेवरचे जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून पहिला पहारा त्यांचा. हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोनमॅरो, या पेशी दिवसाला दहा हजार कोटींच्या घरात तयार करतो, कारण रक्तात आलेली न्यूट्रोफिल जेमतेम एखादा दिवस टिकते. म्हणूनच उत्पादन थांबलं की काही दिवसांत कोठार रिकामं होतं. न्यूट्रोफिलचा आकडा १,५००च्या खाली गेला तर त्या कमी आहेत असं मानतात, ५००च्या खाली गेला तर ती आणीबाणी. तेव्हा जंतू बाहेरून यावे लागत नाहीत, तोंडात आणि पोटात एरवी गुमान राहणारेच उठतात.

रिपोर्टवर हा आकडा बऱ्याचदा थेट दिलेला नसतो, पण काढायला सोपा आहे. टोटल काउंट २,२०० आहे आणि खाली न्यूट्रोफिल १२ टक्के लिहिलेत असं धरा. २,२००चे १२ टक्के म्हणजे २६४. वरचा २,२०० बघून 'थोडे कमी आहेत' असं वाटतं, खरी परिस्थिती २६४ सांगतो. हा गुणाकार मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो.

न्यूट्रोफिल अशा अचानक संपण्याच्या आजाराला नाव मिळालं १९२२ साली, बर्लिनमध्ये. व्हेर्नर शुल्ट्झ या डॉक्टरांनी काही रुग्णांची वर्णनं लिहिली. बहुतेक मध्यमवयीन स्त्रिया, आदल्या आठवड्यापर्यंत धडधाकट. अचानक हुडहुडी भरून ताप, घशात जखमा आणि काही दिवसांत मृत्यू. रक्तात त्या जातीच्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीतच. शुल्ट्झ यांनी याला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हटलं. कारण मात्र कोणालाच सापडेना. पुढची बारा वर्षं डॉक्टर एखाद्या नव्या जंतूचा शोध घेत राहिले. १९३४मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन आणि स्क्वायर यांनी बोट ठेवलं ते ॲमिडोपायरिन नावाच्या वेदनाशामकावर. ते तेव्हा घरोघरी होतं, आणि घसा दुखू लागला की त्याच रुग्णाला तेच औषध आणखी दिलं जात होतं. डेन्मार्कमध्ये त्यावर बंधनं आली, आणि तिथे हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

त्या ॲमिडोपायरिनचं एक भावंड आपल्याकडे चांगलंच ओळखीचं आहे. हेक्स्ट या जर्मन कंपनीचं नोव्हाल्जिन. आतलं औषध मेटामिझोल, भारतात त्याला ॲनाल्जिन म्हणतात. आजच्या आजी-आजोबांच्या पिढीत 'अंग दुखतंय, नोव्हाल्जिन घे' हे वाक्य चहा घे म्हणावं इतक्या सहज बोललं जायचं. अमेरिकेने हे औषध १९७७मध्ये बंद केलं. भारतात ते विकलं जात राहिलं. मे २०१२मध्ये संसदेच्या स्थायी समितीने औषध नियामक यंत्रणेवर कडक अहवाल दिला, त्यात ॲनाल्जिनचाही उल्लेख होता. जून २०१३मध्ये केंद्राने त्याच्या विक्रीला स्थगिती दिली आणि फेब्रुवारी २०१४मध्ये ती उठवली, मात्र अट घालून. तीव्र वेदना, गाठीमुळे होणाऱ्या वेदना, आणि इतर औषधांनी न उतरणारा ताप एवढ्यासाठीच हे वापरावं, असं पाकिटावर छापायचं. म्हणजे साध्या तापाला, कंबरदुखीला ते द्यायचं नाही. ही अट किती मेडिकलवाल्यांच्या आणि किती गिऱ्हाइकांच्या लक्षात आहे, हा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या गावातल्या मेडिकलवर जाऊन तपासून बघावा.

धोका किती, यावर जगभर भांडणं आहेत. स्वीडनच्या अभ्यासकांनी २००२मध्ये अंदाज मांडला की साधारण १,४०० चिठ्ठ्यांमागे एकाला हे होतं. त्याआधी १९८६मध्ये अनेक देशांतल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष होता, आठवडाभर औषध घेणाऱ्या दहा लाखांत एक. मोजण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून उत्तरंही वेगळी. आपल्या कामाचा मुद्दा साधा आहे. पॅरासिटामॉलने उतरणाऱ्या तापासाठी हा वाद अंगावर घ्यायची गरजच नाही.

औषधं पांढऱ्या पेशी दोन वाटांनी कमी करतात. एक वाट दरोड्याची, दुसरी गळतीची.

दरोडा ॲनाल्जिनचा, तसाच कार्बिमॅझोलचा. थायरॉइड वाढलेल्या, म्हणजे वजन उतरणाऱ्या, छाती धडधडणाऱ्या, हात थरथरणाऱ्या रुग्णांना ही गोळी देतात. निओमर्काझोल हे तिचं परिचित नाव. (थायरॉइड कमी असलेल्यांची सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी वेगळी, तिचा इथे संबंध नाही.) कार्बिमॅझोल घेणाऱ्या हजारांतल्या दोन ते पाच जणांच्या न्यूट्रोफिल अचानक संपतात, बहुतेकांच्या पहिल्या तीन महिन्यांत. सोमवारचा रिपोर्ट उत्तम आणि पुढच्या सोमवारी आकडा शून्याजवळ, असंही घडू शकतं. त्यामुळे इथे महिन्याच्या महिन्याला रक्त तपासून फारशी खातरी मिळत नाही. घसा आणि ताप हीच धोक्याची घंटा. गोळी सुरू करतानाच डॉक्टरांनी हे सांगायला हवं. सांगितलं नसेल तर विचारावं: "घसा धरला, ताप आला तर काय करू?" उत्तर बहुधा असं असतं की पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी करा.

डॅप्सोनची गोष्ट विदर्भाला जवळची. मनोहर दिवाणांचं वर्ध्याजवळचं दत्तपूर, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६मध्ये अमरावतीत उभं केलेलं तपोवन, बाबा आमट्यांचं आनंदवन. कुष्ठरोग्यांसाठी या भूमीने जितकं केलं, तितकं फार थोड्या भागांनी केलं असेल, आणि या रोगावरचं पहिलं मोठं शस्त्र डॅप्सोन होतं. आजही कुष्ठरोगाच्या पाकिटात ते असतंच. असंख्य लोक त्याने बरे झाले. त्यांतल्या मोजक्यांना सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत ताप, अंगावर पुरळ, कावीळ किंवा पेशींची पडझड होते. व्हिएतनाम युद्धात मलेरियापासून बचावासाठी अमेरिकी सैनिकांना डॅप्सोन दिलं गेलं, तेव्हा काही जण याच कारणाने दगावले. आशाताईने पाकीट हातात देताना तापाबद्दल दोन वाक्यं सांगितली तर ती कान देऊन ऐकावीत.

आता गळती. सांधेवात आणि सोरायसिससाठी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. अपघात होतो तो इथेच. आपल्याकडे मेडिकलवाला गोळीच्या पट्टीवर १–०–१, १–०–० असं लिहून देतो, आणि घरातली सगळी माणसं तीच भाषा वाचतात. 'हप्त्यातून एकदा' यासाठी त्या भाषेत खूणच नाही. मग आजी ती गोळी बीपीच्या गोळीसोबत रोज घेते. आठवड्या-दोन आठवड्यांत तोंड येतं. तोंड आलं म्हणून कोणीतरी बी-कॉम्प्लेक्स आणून देतं. जेवण सुटतं, ताप येतो, आणि मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत पांढऱ्या, लाल आणि प्लेटलेट, तिन्ही पेशी खाली गेलेल्या असतात. हे टाळायला मोठी विद्या लागत नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत 'फक्त बुधवारी' लिहायचं आणि ते बाकीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवायचंच नाही. डॉक्टरांनी दिलेली फोलिक ॲसिडची गोळीही त्यांनी सांगितलेल्या दिवशीच घ्यायची. आणखी एक. लघवीच्या जळजळीवर सर्रास दिलं जाणारं सेप्ट्रान आणि मेथोट्रेक्सेट ही जोडी घातक आहे. किडनी कमजोर असेल तर जास्तच.

ॲझाथायोप्रिन या गोळीत एक वेगळा धडा आहे. आतड्याचे, किडनीचे, त्वचेचे काही आजार असलेल्यांना ती दिली जाते. भारतासह आशियातल्या काही लोकांमध्ये एक जनुकीय फरक असतो, त्यामुळे नेहमीचा डोसही त्यांना भारी पडतो. सुरू केल्यावर काही आठवड्यांत केस मुठीने गळायला लागले तर शाम्पू बदलत बसू नये, रक्त तपासावं. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल, तर ॲझाथायोप्रिन देणाऱ्या डॉक्टरांना ते कळायलाच हवं.

गळतीच्या या औषधांत ठरल्या तारखेचं रक्त हाच खरा पहारा. आकडा हळूहळू उतरताना दिसतो आणि डोस कमी करता येतो. 'मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?' या विचाराने ती चुकवणं म्हणजे बांध फुटेपर्यंत तलावाकडे न बघणं.

धोका माहीत असूनही औषध वापरायचं, आणि ते सांभाळून वापरायचं, याचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलं. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह साठत जाऊन हृदय आणि यकृत निकामी करतं. ते बाहेर काढायला पूर्वी एकच औषध होतं. कातडीखाली सुई, तिला जोडलेला छोटा पंप, रात्री आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. खर्च इतका की बहुतेक घरांना झेपायचाच नाही. लंडनमध्ये शोधलेल्या डेफेरिप्रोन या तोंडाने घ्यायच्या औषधाची चाचणी मुंबईत झाली. डॉ. एम. बी. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष १९९२मध्ये प्रसिद्ध केले. १९९०च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या सिप्ला कंपनीने 'केल्फर' नावाने ते बाजारात आणलं. या औषधाला सर्वांत आधी परवानगी देणारा देश भारत. युरोपने ती १९९९मध्ये दिली, अमेरिकेने २०११मध्ये.

या कॅप्सूलमुळे शंभरांतल्या एक-दोन मुलांच्या न्यूट्रोफिल कोसळतात. ॲनाल्जिनच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी जास्त. तरी औषध बंद झालं नाही, कारण ते न दिल्याचा परिणाम ठरलेला होता. उत्तर निघालं ते वारंवार सीबीसी आणि एका नियमाचं: ताप आला, की कॅप्सूल थांबवून आधी रक्त. थॅलेसेमियाच्या मुलांच्या आयांना हे पाठ असतं. औषधाचं नाव माहीत, आकडा माहीत, घाबरगुंडी नाही आणि हलगर्जीही नाही. थायरॉइडच्या किंवा सांधेवाताच्या रुग्णांच्या घरात एवढी तयारी क्वचितच दिसते.

विदर्भात सिकलसेलसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाचंही तसंच. ते पांढऱ्या पेशी थोड्या खाली आणणारच. किती खाली चालतील हे डॉक्टर ठरवतात, म्हणून सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळाल्या तरी रक्त तपासल्याशिवाय पुढची पाकिटं नेत राहू नये.

मनाच्या आजारात, इतर औषधांनी गुण येत नाही तेव्हा, क्लोझापिन देतात. १९७५मध्ये फिनलंडमध्ये त्यावरच्या आठ रुग्णांचा पेशी संपून मृत्यू झाला आणि अनेक देशांत ते मागे पडलं. पुढे लक्षात आलं की काही रुग्णांना त्याच्याइतकं दुसरं काहीच लागू पडत नाही. म्हणून ते परत आलं, सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्त तपासण्याच्या अटीवर. घरातल्या अशा रुग्णाला आपला घसा दुखतोय हे सांगणं जमेलच असं नाही. त्याच्या अंगाला हात लावून बघणं घरच्यांचं काम.

यांपैकी एखादं औषध चालू आहे आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, हुडहुडी भरली, घसा गिळता येईना इतका दुखला, तोंडात फोड आले, तर वाट बघायची नाही. गावाकडे नेमकं उलट होतं. पहिल्या दिवशी मेडिकलमधून गोळी, दुसऱ्या दिवशी एक सुई, घाम येऊन ताप उतरतो, 'फरक पडला' म्हणून माणूस सोयाबीन सोंगायला जातो. ताप दाबला गेला, जंतू नाहीत. त्यातून या रुग्णांना पू होत नाही, जखम फारशी लाल होत नाही, कारण पू बनवणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. वरून साधं दिसतं.

रक्त कुठे द्यायचं यातही शहाणपण हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रात महालॅबमार्फत होणारी तपासणी मोफत आहे, नेहमीच्या सीबीसीसाठी ती उत्तम. पण तिथला नमुना गाडीने बाहेर जातो. तापाच्या दिवशी तासाभरात रिपोर्ट देणारी जागा गाठावी, मग ती खासगी लॅब असो की वाशीमचा सरकारी दवाखाना. वाशीमला २०२४पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. माणूस गळून गेला असेल, श्वास भराभर चालत असेल, बरळत असेल, तर लॅबच्या नादी न लागता १०८ला फोन करावा. न्यूट्रोफिल ५००च्या खाली असतील तर गावातल्या सलाइनवर भागत नाही. मोठ्या दवाखान्यात संशयित औषध बंद करतात, शिरेतून जोरदार अँटिबायोटिक लगेच सुरू करतात आणि गरज वाटली तर पेशी वाढवणारं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन देतात. वेळेत पोचलेल्या बहुतेकांचा आकडा आठवड्या-दोन आठवड्यांत वर येतो. पपईचा रस, बीट, डाळिंब यांतलं काहीही या पेशी वाढवत नाही. शिरपूरच्या पेठेत डाळिंब चांगलं मिळत असेल तर ते चवीसाठी खावं.

हे वाचून चालू असलेली गोळी मनाने बंद करू नये. फिटची गोळी एकाएकी सोडली तर फिट येते. क्लोझापिन सोडलं तर आजार उसळतो. थांबवायचं की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठरवायचं. आणि एकदा एखाद्या औषधाने पेशी पाडल्या हे ठरलं, की ते औषध त्या माणसाने आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही, दुसऱ्या नावाच्या पाकिटातही नाही. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बेनाव पुड्या तर मुळीच नकोत. त्यांत काय होतं ते डॉक्टरांना सांगताच येत नाही, मग दोषी औषध सापडणार कसं?

अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला शिरपुरात राजस्थान-गुजरातेतूनही यात्रेकरू येतात. त्यांतल्या कोणाला धर्मशाळेत ताप भरला, तर तो कोणती औषधं घेतो याचा कागद इथल्या डॉक्टरांकडे नसतो. गावातला माणूस वाशीमहून अकोल्याला हलवला जातो तेव्हाही तीच गत, फाइल घरीच राहते.

औषधाने असा त्रास झाला तर डॉक्टरांप्रमाणे रुग्णालाही तो कळवता येतो. २०१०पासून चालू असलेल्या भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक मोफत आहे. ॲनाल्जिनसारख्या औषधांबद्दलचे निर्णय अशा नोंदींवरच उभे राहतात.

आज घरी एक काम करा. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर घरातल्या प्रत्येकाची चालू औषधं लिहा, कंपनीच्या नावाबरोबर आतल्या औषधाचं नावही, पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते. कार्बिमॅझोल, मेथोट्रेक्सेट, ॲझाथायोप्रिन, डॅप्सोन, डेफेरिप्रोन, हायड्रॉक्सीयुरिया, क्लोझापिन यांतलं एखादं सापडलं तर त्याखाली लाल शाईने रेघ मारा आणि शेजारी लिहा: ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी. मग तो कागद मोबाइलच्या कव्हरमागे सरकवून ठेवा.